खर्डा आधी, शुद्धलेखन नंतर : अचूकपणाचा हट्ट सोडून गोष्ट शेवटापर्यंत कशी न्यायची

फोनच्या नोट्समध्ये कथांच्या सुरुवाती साठल्या आहेत, एकीलाही शेवट नाही, आणि प्रत्येक सुरुवात मात्र घासूनपुसून लख्ख केलेली आहे. अशी ज्यांची अवस्था आहे त्यांच्यासाठी हा मार्गदर्शक आहे. ठाण्यात किंवा नवी मुंबईत नोकरी, घर आणि लोकल सांभाळून लिहू पाहणारी माणसं डोळ्यांसमोर आहेत, म्हणून उदाहरणंही इथलीच घेतली आहेत.

‘कसंही लिहा, चालतंय’ असा सल्ला इथे मिळणार नाही. चुका दुरुस्त करायच्याच आहेत, फक्त त्या कधी करायच्या हे ठरवून घ्यायचं आहे. लिहिताना मन ‘पुढे काय झालं?’ विचारत असतं, तपासताना ‘हे बरोबर आहे का?’ विचारतं. हे दोन प्रश्न एकाच वेळी विचारले की दुसरा नेहमी जिंकतो, कारण त्याचं उत्तर देणं सोपं असतं. मग पाऊण तास जातो आणि वहीत तेच वाक्य चार तऱ्हांनी लिहिलेलं सापडतं.

काळजी कोणती आणि हट्ट कोणता, हे ओळखायची कसोटी साधी आहे. अर्धा तास बसल्यावर गोष्ट पुढे सरकली असेल तर ती काळजी. तिथेच असेल तर हट्ट.

काय लागेल

- दोनशे पानी आखीव वही, साधी. कातडी बांधणीची भारी डायरी नको. तिचं पहिलं पान बिघडेल या धास्तीने ती वर्षानुवर्षं कोरीच राहते.
- दोन पेनं : निळं खर्ड्याला (म्हणजे पहिल्या कच्च्या लिखाणाला), लाल किंवा हिरवं दुरुस्तीला. व्हाइटनर आणि खोडरबर नको.
- फोनवर किंवा संगणकावर लिहीत असाल तर हाताला बसलेला मराठी कळफलक. इनस्क्रिप्ट ही कळफलकाची प्रमाण मांडणी शिकायची इच्छा असेल तर जरूर शिका, पण कथा चालू असताना कळफलक बदलू नका.
- टायमर. फोनमधला चालेल, फोन विमान मोडवर टाकून.
- शुद्धलेखनाचा एखादा कोश. तो सातव्या पायरीपर्यंत कपाटातून बाहेर काढायचा नाही.
- जवळच्या ग्रंथालयाचं सभासदत्व. साधारणपणे अर्ज, ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, फोटो आणि अनामत रक्कम मागतात. नेमकं काय ते काउंटरवर विचारून घ्या.
- वाचून खरं बोलेल असा एक माणूस. हा शोधायला वेळ लागतो, म्हणून आतापासून डोक्यात ठेवा.

लेखनासाठीची खास सॉफ्टवेअरं, नवा लॅपटॉप, ‘कथा कशी लिहावी’ची आणखी तीन पुस्तकं यातलं काहीही लागत नाही. तयारी करत राहणं हेही लिहिणं टाळणंच असतं, फक्त दिसायला जास्त इभ्रतीचं.

## १. हात नेमका कुठे थांबतो ते आधी बघा

पहिले तीन-चार दिवस काही सुधारायला जाऊ नका, फक्त नोंद ठेवा. लिहिताना हात थांबला की समासात एक खूण करायची. ‘प’ म्हणजे पहिलं वाक्य जमत नाही. ‘श’ म्हणजे नेमका शब्द सापडत नाही. ‘ऱ्ह’ म्हणजे ऱ्हस्व की दीर्घ. ‘म’ म्हणजे माहिती शोधायला उठलो. ‘लो’ म्हणजे लोक काय म्हणतील. चौथ्या दिवशी खुणा मोजा. बहुतेकांच्या वहीत एक किंवा दोनच अक्षरं भरभरून दिसतात, बाकीची तुरळक असतात. उपाय त्या एक-दोनांवर करायचे.

‘प’ असेल तर सुरुवात सोडून द्या आणि जो प्रसंग स्वच्छ दिसतोय तिथून लिहा. पहिलं वाक्य शेवट लिहून झाल्यावर लिहायचं. गोष्ट कुठे जाणार हे ठाऊक नसताना तिचं दार कुठे असावं हे कळणार तरी कसं?

‘म’ हा सगळ्यांत फसवा प्रकार, कारण त्यात आपण मेहनत करतोय असं वाटत राहतं. समजा कथा १९८५ सालच्या वाशीतली आहे. तिथे एकच गोष्ट कथेला खरोखर अडवणारी आहे : हार्बर मार्गाची लोकल वाशीला आली १९९२ मध्ये, आणि ठाणे-वाशी प्रवासी लोकल सुरू झाली २००४ मध्ये. म्हणजे १९८५ चा नायक वाशी स्टेशनवर उतरू शकत नाही, त्याला बसने खाडी ओलांडावी लागेल. हे दहा मिनिटांत कळतं. त्यानंतर त्या काळच्या तिकिटाचा रंग, सिडकोच्या इमारतींचे नकाशे आणि बसचे क्रमांक शोधत तीन रविवार घालवणं हा हट्ट झाला. तपशील चुकल्याने प्रसंगच घडू शकत नसेल तर आत्ता शोधा, नाहीतर खूण करून पुढे चला. खूण कशी करायची ते चौथ्या पायरीत येईल.

‘लो’ असेल तर त्यावर पेनाचा उपाय नाही, वहीचा आहे : खर्ड्याची वही कोणालाही दाखवायची नाही, घरातल्यांनाही नाही. सासूबाई कथेतल्या सासूत स्वतःला शोधतील हा प्रश्न छापायच्या वेळचा, खर्ड्याच्या वेळचा नाही.

## २. लांबी आणि तारीख लिहून टाका

पहिल्या फेरीला ८०० ते १२०० शब्दांची कथा घ्या. फूलस्केप पानावर मध्यम अक्षरात साधारण २०० ते २५० शब्द मावतात, म्हणजे हे काम फार तर पाच-सहा पानांचं. आठवड्यातले पाच दिवस रोज एक पान धरलं तरी सव्वा आठवड्यात खर्डा पुरा होतो. रोज अर्धंच पान झालं तर अडीच आठवडे.

‘मला कादंबरीच सुचली आहे’ असं वाटत असेल तर त्यातला एक प्रसंग काढून त्याची कथा करा. कादंबरीचा आवाका हा हट्टाला लपायला उत्तम जागा देतो : ती कधीच संपत नाही, त्यामुळे कधीच तपासलीही जात नाही.

तारखेला बाहेरचा आधार असेल तर ती पाळली जाते. मराठीत असा तयार आधार म्हणजे दिवाळी अंक. अंक दिवाळीच्या आधी बाजारात यायचे असतात, त्यामुळे संपादक साहित्य पावसाळ्यात, साधारण जून ते ऑगस्टमध्ये मागवतात. प्रत्येक अंकाची तारीख आणि शब्दमर्यादा वेगळी असते, निवेदन नीट वाचा. त्यावरून उलटं मोजा : पाठवायच्या तारखेआधी एक आठवडा टंकलेखन आणि तपासणीला, त्याआधी एक आठवडा वाचकाला, त्याआधी दहा दिवस दुरुस्तीला, त्याआधी दोन आठवडे कथा बाजूला ठेवायला, आणि त्याआधी तीन आठवडे खर्ड्याला. एकूण साधारण साडेआठ आठवडे झाले. जूनअखेर पाठवायचं तर एप्रिलअखेर वही उघडायला हवी. गणपतीत आठवण झाली तर त्या वर्षीची गाडी गेली, पुढच्या वर्षीची धरा.

## ३. जागा ठरवा, पण शोधत बसू नका

ठाणे ते वाशी ट्रान्स हार्बर मार्गाच्या लोकलने सुमारे अर्धा तास लागतो. म्हणजे एक बैठक. गाडी ठाण्यालाच सुटते, त्यामुळे गर्दीची वेळ टळली तर बसायला मिळतं. सकाळी ऐरोली-घणसोलीच्या कंपन्यांची झुंबड असते, तेव्हा वही विसरा. उभ्याने एका हाताने फोनवर चार ओळी होतात, आणि त्या चार ओळींना खाडाखोड करायला अंगठा मोकळा नसतो हा फायदाच समजा.

बसून लिहायला ठाण्यात १८९३ साली स्थापन झालेलं मराठी ग्रंथ संग्रहालय आहे. कुठल्याही ग्रंथालयात वाचनकक्ष आणि विद्यार्थ्यांची अभ्यासिका यांचे नियम वेगळे असू शकतात. वही घेऊन बसलेलं चालतं का, ते आधी विचारा. तलावपाळीला संध्याकाळी बसून लिहिणं हे भेळेवर प्रेम असलेल्यांसाठी ठीक, बाकीच्यांनी सकाळी सातच्या आत जावं. वाशीच्या सागर विहारला किंवा खारघरच्या सेंट्रल पार्कला चालता चालता फोनवर बोलून लिहिणं जमतं, त्याबद्दल पुढे येईल.

जागा एकदा ठरली की निदान दहा बैठका बदलायची नाही. ‘इथे लागत नाहीये’ असं तिसऱ्याच दिवशी वाटणार. ते जागेमुळे नसतं, कथेचा मधला भाग आलेला असतो.

## ४. खर्डा : मागे वळायचं नाही

सगळा खटाटोप या पायरीसाठी आहे, म्हणून इथे सावकाश जाऊ.

टायमर २५ मिनिटांवर लावा. पोमोडोरो म्हणून ओळखली जाणारी ही पद्धत इटलीच्या फ्रांचेस्को चिरिल्लो यांनी विद्यार्थी असताना टोमॅटोच्या आकाराच्या स्वयंपाकघरातल्या टायमरवरून बसवली. २५ मिनिटं काम, पाच मिनिटं विश्रांती. सुरुवातीला रोज एकच फेरी पुरे. त्या वेळात तीन गोष्टी करायच्या नाहीत : लिहिलेलं खोडायचं नाही, वरचं वाचायचं नाही, उठून काही शोधायचं नाही.

वहीत हे सोपं जातं. संगणकावर बॅकस्पेसवर बोट आपोआप जातं, त्यासाठी दोन उपाय. शब्दांखाली येणाऱ्या लाल नागमोडी रेषा बंद करा. लेखनतपासणीची भाषा इंग्रजी असली की जवळजवळ प्रत्येक मराठी शब्दाखाली ती रेषा येते आणि सगळंच चुकलंय असं वाटायला लागतं. आणि स्क्रीनचा उजेड इतका कमी करा की अक्षरं जेमतेम दिसतील.

आता अडलं तर काय? शब्द, नाव, तारीख, संवाद, काहीही अडलं की त्या जागी ‘क्षक्ष’ लिहा आणि पुढे जा. ही जोडी मराठी शब्दांत येत नाही, त्यामुळे नंतर ‘शोधा’ची सोय वापरून सगळ्या अडलेल्या जागा एका मिनिटात सापडतात. इनस्क्रिप्ट कळफलकावर क्ष शिफ्ट आणि ७ ला आहे. वहीत लिहीत असाल तर गोल करा.

अशा खर्ड्याचा एक तुकडा बघा :

> ठाण्याला नऊ नंबरवर गाडी लागलेली. सुमन धावत आली. हातात क्षक्ष पिशवी. मागून तो ओरडला, क्षक्ष. ती वळली नाही. चढली. आत बायका कोथिंबीर निवडत होत्या. तिला खूप वाईट वाटत होतं. रबाळ्याला उतरवू की घणसोलीला क्षक्ष.

वाईट आहे. असायलाच हवा. पण यात प्रसंग घडलेला आहे : ती निघाली, तो ओरडला, ती वळली नाही. तीन क्षक्ष तीन वेगळ्या कारणांचे आहेत. पिशवी कसली हा वर्णनाचा प्रश्न, तो काय ओरडला हा कथेचा प्रश्न, कुठे उतरली हा माहितीचा. हट्टी लेखक पिशवीपाशीच थांबला असता : कापडी, ज्यूटची, का एखाद्या साडीच्या दुकानाची? आणि मग सुमनची गाडी सुटली असती, तिच्याशिवाय.

ज्यांच्या समासात ‘ऱ्ह’ जास्त आहेत त्यांनी एक आठवडा बोलून लिहून बघावं. फोनच्या जीबोर्ड कळफलकावर आणि गूगल डॉक्समध्ये मराठीतून आवाजी टंकलेखन होतं. विरामचिन्हं नीट पडत नाहीत, नावांचं काहीच्या काही होतं, तरी चालतं. चुका यंत्राने केल्या आहेत म्हटल्यावर आपल्याला त्यांची लाज वाटत नाही, हा त्याचा मोठा गुण. गर्दीच्या डब्यात मात्र हे करू नका. तुमच्या खलनायिकेचं वाक्य ऐकून शेजारच्या मावशी तोंडात बोट घालतील.

### इथले नेहमीचे सापळे

रोज सुरुवातीपासून वाचून मग पुढे लिहिणं, हा सगळ्यांत महागात पडणारा. असं केलं की पहिलं पान वीस वेळा तपासलं जातं आणि शेवटचं एकदाही नाही. कालच्या फक्त शेवटच्या पाच ओळी वाचा.

दुसरा, प्रसंग पूर्ण करूनच उठणं. उलट मध्येच उठा, आणि उठताना खाली एक ओळ टाका : ‘उद्या – गाडीत शेजारची बाई डबा उघडते, सुमनला भूक लागल्याचं कळतं.’ दुसऱ्या दिवशी कोऱ्या पानासमोर बसावं लागत नाही.

तिसरा, आज छान लागलंय म्हणून चार तास बसणं. पुढचे चार दिवस मग वही उघडवत नाही, कारण त्या चार तासांची बरोबरी होणार नाही अशी भीती वाटते. दोन फेऱ्या झाल्या की बंद.

## ५. खर्डा संपला की बंद करून ठेवा

दहा ते पंधरा दिवस. भातावरचं झाकण दर मिनिटाला उघडलं तर वाफ निघून जाते, तसंच हे. या काळात दुसरी कथा सुरू करा किंवा नुसतं वाचा. कोणाला दाखवू नका. खर्डा संपल्याच्या रात्री तो अप्रतिम वाटतो आणि सकाळी भिकार. दोन्ही मतं निकामी आहेत.

## ६. दुरुस्ती तीन फेऱ्यांत, एका वेळी एकच काम

आता हिरवं पेन घ्या. तीनही फेऱ्यांतली कामं वेगळी आहेत आणि ती मिसळली की पुन्हा जुनाच घोटाळा.

पहिली फेरी, रचना. वाक्यांना हात लावायचा नाही. समासात प्रत्येक प्रसंगाचं काम एका ओळीत लिहा. काम सांगता आलं नाही तर प्रसंग काढा. कथेची खरी सुरुवात बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या परिच्छेदात सापडते, वरचा भाग लेखकाने स्वतःला तापवायला लिहिलेला असतो. यात एक-दोन तास जातात.

या फेरीत बरेच क्षक्ष आपोआप सुटतात. वरच्या कथेत शेवट लिहून झाल्यावर ठरलं की सुमन परत जाणार नाही. मग नवरा फलाटावरून काय ओरडेल? ‘थांब’ म्हणेल, ‘माफ कर’ म्हणेल, ही उत्तरं कोणालाही सुचली असती. पण त्याला तिच्या जाण्याहून घराच्या किल्लीची चिंता जास्त आहे, हे शेवटामुळे कळलं. पहिल्याच दिवशी हे वाक्य शोधत बसला असता तर सापडलंच नसतं.

दुसरी फेरी, वाक्यं. मोठ्याने वाचा. जिथे जीभ अडखळते, जिथे दम पुरत नाही, तिथे खूण करा. भावनेचं नाव घेणारी वाक्यं (‘तिला वाईट वाटत होतं’) तपासा : त्याच ठिकाणी एखादी कृती आधीच असेल तर नाव घेणारं वाक्य उडवा. तोच तुकडा या फेरीनंतर :

> नऊ नंबरवर गाडी लागलेली होती. सुमन धावत आली आणि चढली.
> “किल्ली!” मागून तो ओरडला. “अगं, किल्ली तरी दे!”
> ती वळली नाही. आत बायका कोथिंबीर निवडत होत्या. कोणीतरी सरकून जागा दिली. रबाळे गेलं तरी पिशवी तिने मांडीवरून खाली ठेवली नव्हती.

पिशवी कसली, हे शेवटपर्यंत लागलंच नाही. ती मांडीवरून न उतरणं पुरलं.

तिसरी फेरी, अक्षरं. ती पुढच्या पायरीत.

## ७. शुद्धलेखनाला त्याचा मान, त्याच्या वेळी

मराठी साहित्य महामंडळाचे १४ नियम १९६२ मध्ये ठरले आणि १९७२ मध्ये त्यांत चारांची भर पडली. एकूण १८. ते एका बैठकीत वाचून होतात, आणि त्यांतले चार-पाच नियमच नवलेखकाच्या बहुतेक चुका पकडतात :

- अर्थ नसलेले अनुस्वार गेले. ‘नांव’, ‘कांही’, ‘नाहीं’ आता ‘नाव’, ‘काही’, ‘नाही’.
- शब्दाच्या शेवटची इ-उ दीर्घ : ‘कवी’, ‘गुरू’, ‘की’. अपवाद लक्षात ठेवण्यासारखे : ‘आणि’, ‘नि’, ‘परंतु’, ‘तथापि’.
- अकारान्त मराठी शब्दात शेवटून दुसरी इ-उ दीर्घ, पण प्रत्यय लागला की ऱ्हस्व : ‘गरीब’ पण ‘गरिबाला’, ‘फूल’ पण ‘फुलाला’.
- संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द याला जुमानत नाहीत : ‘गुण’, ‘विष’ ऱ्हस्वच, आणि ‘शरीराला’ दीर्घच.
- ‘परीक्षा’ दीर्घ, ‘परिचय’ ऱ्हस्व. ही जोडी पाठ केलेली बरी.

तपासताना शेवटच्या परिच्छेदापासून सुरुवात करून वर या. सरळ वाचलं तर गोष्टीत गुंतून अक्षरांवरून नजर घसरते. स्वतःच्या नेहमीच्या दहा चुकांची यादी वहीच्या मागच्या पानावर ठेवा आणि ‘शोधा’ वापरून एकेक काढा. बाराशे शब्दांना एक संध्याकाळ पुरते.

संवादांना हे सगळं लावू नका. बेलापूर पट्ट्यातल्या आगरी आजीच्या तोंडी ‘पानी’ असेल तर ते ‘पाणी’ करणं ही दुरुस्ती नव्हे, नासधूस आहे. मात्र बोली ऐकीव असेल तर ती बोलणाऱ्या माणसाकडून वाचून घ्या, नाहीतर संवादाची नक्कल होते. निवेदनात ‘असं, केलं’ लिहायचं की ‘असे, केले’, यातलं एक निवडा आणि शेवटपर्यंत तेच ठेवा. या निवडीवर एका दिवसाहून जास्त विचार करण्यासारखं काही नाही.

## ८. एक वाचक, तीन प्रश्न

‘कशी वाटली?’ असं विचारलं तर ‘छान आहे’ हे उत्तर ठरलेलं. त्याऐवजी विचारा : कुठे कंटाळा आला? कुठे गोंधळ झाला? शेवटी काय घडलं असं वाटलं? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर तुमच्या मनातल्या शेवटाशी जुळलं नाही तर काम बाकी आहे. उत्तर ऐकताना खुलासा करायचा नाही. छापलेल्या कथेबरोबर तुम्ही खुलासा करायला जाणार नसता.

पाच जणांना देऊ नका. पाच मतं परस्परविरोधी येतात आणि सगळी पाळायला गेलं की हट्टाला नवा खुराक. नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप गटात तर अजिबात नको, तिथे अंगठे आणि गुलाब येतात. ओळखीत वाचक नसेल तर कोकण मराठी साहित्य परिषदेच्या ठाणे जिल्ह्यातल्या शाखांचे, ग्रंथालयांचे कार्यक्रम बघा. दोन-तीन कार्यक्रमांना नुसते जाऊन बसा. नीट ऐकणारी माणसं प्रश्नांवरून ओळखू येतात.

## ९. कुठे थांबायचं

तीन फेऱ्या आणि वाचकानंतरची एक, एवढंच. पाचवी फेरी करायची असेल तर कारण एका वाक्यात लिहून दाखवा. ‘अजून बरी होईल’ हे कारण धरायचं नाही.

थांबायची वेळ झाल्याच्या खुणा : काल काढलेला स्वल्पविराम आज परत घातला, साध्या शब्दाच्या जागी भारदस्त शब्द येऊ लागले, कथा लहान होण्याऐवजी वाढू लागली. अति घोटलं की काय होतं ते बघा :

> सायंप्रकाशात न्हाऊन निघालेल्या फलाटावर लोकल जणू तिच्याच प्रतीक्षेत विसावली होती, आणि सुमनच्या अंतःकरणात उठलेल्या वादळाला मात्र विसावा नव्हता.

व्याकरण चोख आहे. पण किल्ली, कोथिंबीर, पिशवी सगळं वाहून गेलं, आणि लोकल विसावत नाही हे ठाण्याच्या कोणालाही माहीत आहे. म्हणून प्रत्येक फेरीची प्रत वेगळ्या नावाने जतन करा : ‘सुमन-खर्डा’, ‘सुमन-२’, ‘सुमन-३’. घोटून वाट लागली तर मागे जाता येतं. ‘फायनल-फायनल-नक्की’ असं नाव दिसलं की समजा, एक प्रत आधीच तयार झाली होती.

## १०. पाठवा

मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर वाचता येईल अशा प्रमाण पद्धतीत, टाइप केलेला असावा. अजूनही काही छपाईच्या ठिकाणी श्रीलिपीसारखे जुने फाँट वापरतात. तिथे मजकूर बदलून घेताना रफार आणि जोडाक्षरं मोडू शकतात. म्हणून वर्डच्या फाइलबरोबर पीडीएफही जोडा, म्हणजे मूळ कसं होतं ते मुद्रितशोधकाला दिसेल. फाइलच्या नावात कथेचं आणि तुमचं नाव, आत पहिल्या पानावर शब्दसंख्या, पत्ता, फोन आणि कथा अप्रकाशित असल्याचं एक वाक्य. सोबतचं पत्र चार ओळींचं. कथा कशावरून सुचली ते त्यात लिहू नका, आणि ‘काही चुका असतील तर सांभाळून घ्या’ हेही नको.

एक कथा एका वेळी एकाच अंकाला. पाठवल्यावर तिसऱ्या दिवशी एक वेलांटी चुकलेली सापडणार. दुरुस्त प्रत परत पाठवू नका. व्यक्तीचं नाव किंवा कथेचा शेवटच चुकला असेल तरच पाठवा. वेलांट्या बघायला तिथे माणूस असतो.

उत्तर लवकर येईलच असं नाही, काही ठिकाणांहून येतही नाही. महिना-दीड महिना उलटला की एक छोटी विचारणा करा. साभार परत आली आणि कारण दिलेलं असेल तर ते एकदा वाचा, पटलं तर एकच फेरी करा. कारण नसेल तर कथेला हात न लावता दुसरीकडे पाठवा. पत्रावरचं आधीच्या संपादकाचं नाव तेवढं बदलायला विसरू नका.